क्रोशाची पहिली खरेदी: टाका दिसावा आणि उसवताही यावा

माझा पहिला धागा काळा होता. काळा आणि केसाळ. हात फिरवला तर मांजराच्या पाठीवरून फिरवल्यासारखं वाटलं, म्हणून तीन गुंडे उचलले. सोबत बारा सुयांचा प्लॅस्टिकचा संच. घरी येऊन साखळी, म्हणजे विणीची सुरुवातीची ओळ, घातली, दुसरी ओळ सुरू केली आणि तिथेच अडले. सुई कुठल्या घरात घालायची तेच दिसेना. चाचपून कुठेतरी घातली, चुकली, म्हणून उसवायला गेले तर केसांत केस गुंतून धागा जागचा हलेना. आठवडाभरात माझं मत पक्कं झालं की क्रोशे आपल्या नशिबात नाही. पुढे दोनेक वर्षांनी कुणीतरी उरलासुरला फिकट निळा धागा आणि ॲल्युमिनियमची एक सुई हातात दिली. त्याच संध्याकाळी वाकडातिकडा का होईना, चौकोन झाला. हात तेच होते, सामान बदललं होतं.

तेव्हापासून नवीन शिकणारं कुणी विचारलं की मी सामानाला दोनच प्रश्न लावायला सांगते. टाका डोळ्यांना दिसतो का? आणि चुकलं तर विनातक्रार उसवतो का? पहिल्या महिन्यात विणण्यापेक्षा उसवणंच जास्त होतं. पहिल्या खरेदीतला प्रत्येक निर्णय या दोन प्रश्नांवर घासून पाहिला की निम्मं दुकान आपोआप बाद होतं.

पहिली पायरी: आधी काय विणायचं ते ठरवा

सामान घेऊन मग "याचं काय करू?" असा विचार करणाऱ्यांच्या कपाटात गुंडे साठतात, बाकी काही होत नाही. पहिलं काम म्हणून साधारण २० सेंटिमीटरचा सपाट चौकोन धरून चाला. फडकं म्हणा, बशीखालचं आसन म्हणा, नाव काहीही द्या. चौकोनात कुठे टाके वाढवायचे नाहीत, घटवायचे नाहीत. कडा सरळ येते की नाही हे लगेच कळतं, आणि टाके मोजायची सवय लागते.

हल्ली बहुतेकांना ओढ असते ती छोट्या भरीव बाहुल्यांची, म्हणजे जपानी नावाने ज्यांना अमिगुरुमी म्हणतात त्यांची. त्या गोड दिसतात, पण गोल गोल विणत जायचं, वीण घट्ट ठेवायची म्हणून लेबलावर लिहिलेल्यापेक्षा बारीक सुई वापरायची, आणि प्रत्येक फेरीत टाके मोजायचे. हे दुसरं किंवा तिसरं काम असू द्या. बारीक दोऱ्याची जाळीदार लेस त्याच्याही नंतर.

दुसरी पायरी: धाग्याची जाडी

आपल्याकडे विणायचा कुठलाही जाड धागा म्हणजे "लोकर" असं बोलायची पद्धत आहे. प्रत्यक्षात ती लोकर ॲक्रिलिकची असते, सुती असते, क्वचित खरोखर मेंढीची असते. म्हणून आधी जाडी बघू आणि मग तो कशाचा आहे ते बघू.

अमेरिकेतल्या क्राफ्ट यार्न कौन्सिलने धाग्यांना जाडीनुसार ० ते ७ आकडे दिले आहेत. ० म्हणजे लेसचा केसासारखा धागा, ७ म्हणजे बोटाएवढा जाड. पुष्कळ कंपन्यांच्या लेबलावर गुंड्याच्या छोट्या चित्रात हा आकडा छापलेला असतो. तुम्हाला हवा तो ४, ज्याला मीडियम किंवा वर्स्टेड म्हणतात. तो मिळाला नाही तर ३ चालेल, त्याला लाइट किंवा डीके म्हणतात. १ आणि २ मध्ये टाके इतके लहान येतात की पाचशे टाके घालूनही हातात काही दिसत नाही, आणि नवशिक्याचा धीर तिथेच सुटतो. उलट ६ किंवा ७ घेतला की काम झटपट होतं खरं, पण सुईही खराट्याच्या दांड्यासारखी जाड लागते. मनगट दुखतं, आणि शिकलेली पकड पुढे नेहमीच्या धाग्याला उपयोगी पडत नाही.

पदरांच्या हिशेबात मात्र फसू नका. "४ प्लाय", "८ प्लाय" असं लिहिलेलं दिसतं. प्लाय म्हणजे धाग्यात पिळलेले पदर, पण पदर जाड की बारीक हे त्यावरून कळत नाही. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन लेबलांवर ही जाडीची जुनी नावं म्हणून राहिली आहेत: ४ प्लाय म्हणजे साधारण आकडा १, ८ प्लाय म्हणजे ३, १० प्लाय म्हणजे ४. धागा उलगडून पदर मोजलेत तर ते भलतेच निघू शकतात.

लेबलच नसेल तर? मोजपट्टीवर धागा गुंडाळा. वेढे एकमेकांना टेकू द्या, पण एकावर एक चढू देऊ नका, आणि धागा ओढून ताणू नका. अडीच सेंटिमीटरमध्ये ९ ते १२ वेढे बसले तर तो ४, ११ ते १५ बसले तर ३. मधल्या वेढ्यांचा धागा दोन्हींत बसतो, त्याची फिकीर करू नका.

तिसरी पायरी: धागा कशाचा?

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

खऱ्या लोकरीला ताण असतो, म्हणजे ती ओढली की ताणते आणि सोडली की पुन्हा आवळते. टाका घट्ट झाला तरी सुई आत शिरते, सैल झाला तरी थोडा आवळून येतो. नवशिक्याच्या चुका ती पोटात घालते. पण काहींना ती टोचते, आणि साधी लोकर गरम पाण्यात घुसळून धुतली की नमद्यासारखी गच्च होऊन आक्रसते. लेबलावर "सुपरवॉश" लिहिलं असेल तर ही भीती बरीच कमी.

सुती धाग्यात टाका सगळ्यात स्वच्छ दिसतो आणि उसवतोही छान. पण त्याला ताण जवळजवळ नसतो. घट्ट विणणाऱ्याच्या हातात तो दोरीसारखा वाटतो आणि तासाभरात बोटं दुखायला लागतात. सुती घ्यायचाच तर मंद, मॅट दिसणारा घ्या. चकचकीत सुती धागा सहसा मर्सराइज्ड असतो. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८४४ मध्ये सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली, तिचं हे नाव. चमक मात्र १८९० च्या सुमारास आली, हॉरेस लो यांनी तीच प्रक्रिया धागा ताणून धरून केली तेव्हा. मर्सराइज्ड धागा मजबूत असतो, रंग खुलून दिसतो, पण तो गुळगुळीत असतो आणि सुईवरून सटकतो. लेसला उत्तम. पहिल्या चौकोनाला नको.

ॲक्रिलिक सहज मिळतं, हलकं असतं, धुवायला सोपं असतं, आणि सराव करून फेकून दिलं तरी जीव हळहळत नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, फार खरखरीत ॲक्रिलिक बोटावरून जाताना कुरकुरतं, त्यामुळे गुंडा गालाला लावून बघा. दुसरी, त्याला इस्त्री लावू नका. उष्णतेने तंतू वितळू लागतात आणि चौकोन लुळा पडतो, तो पुन्हा ताठ होत नाही.

माझी निवड विचाराल तर गुळगुळीत सुती-ॲक्रिलिक मिश्रण किंवा चांगलं मऊ ॲक्रिलिक, आकडा ४. बांबूपासून केलेला व्हिस्कोस धागा हाताला रेशमासारखा लागतो म्हणून मोह होतो, पण तो घसरतो आणि त्याचे पदर सुटे होतात. त्याची वेळ नंतर येईल.

जुन्या पेटीत बिनलेबलाचे गुंडे सापडले असतील तर बोटभर तुकडा कापून चिमट्यात धरा आणि धातूच्या ताटलीवर, पाणी जवळ ठेवून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, आणि ज्योत काढली की ती बहुतेक वेळा आपणहून विझते. ॲक्रिलिक वितळून काळा कडक मणी होतो. तो मणी बराच वेळ चटका देतो, लगेच बोट लावू नका.

चौथी पायरी: धागा हातात घेऊन तपासा

लेबलावर न छापलेली गोष्ट म्हणजे पीळ. धाग्याचं मोकळं टोक दोन्ही हातांच्या चिमटीत धरा, मध्ये चारेक बोटांचं अंतर ठेवा, आणि पिळाच्या उलट दिशेने हळूच फिरवा. पदर लगेच सुटे होऊन झिपऱ्या पडल्या तर सुईचं टोक नेमकं त्या फटीत घुसणार. अर्धा धागा ओढला जाईल, अर्धा मागे राहील, आणि टाका फाटका दिसेल. दोन-तीन वेढे उलटे फिरवूनही पदर एकमेकांना धरून राहिले तर धागा गोल आणि घट्ट पिळाचा आहे. तोच घ्या. एकाच सैल पदराचा, जवळजवळ न पिळलेला धागा कितीही मऊ असला तरी आत्ता नको.

मग पोत. केसाळ, मखमली, गाठीगाठींचे, पापण्यांसारख्या झालरी असलेले धागे सगळे बाजूला. मखमली शेनीलचे मोठमोठे गुबगुबीत प्राणी व्हिडिओत फार सुंदर दिसतात, पण विणणारी बाई टाका डोळ्यांनी बघतच नसते, बोटांनी ओळखत असते. ती ओळख यायला वेळ लागतो. शिवाय शेनील दोन-तीनदा उसवलं की त्याची मखमल गळू लागते आणि आतला दोरा उघडा पडतो.

रंग फिकट आणि एकसारखा हवा. काळा, गडद निळा, गडद तपकिरी या रंगांत सावली आणि छिद्र सारखंच दिसतं. पांढराशुभ्रही मला फारसा पसंत नाही, दिव्याखाली त्याची चकाकी डोळ्यांवर येते आणि सारखं उसवून तो दोन दिवसांत मळतो. मोतिया, फिकट निळा, फिकट जांभळा, राखाडी यांपैकी काहीही छान. रंग बदलत जाणारा धागा गुंड्यात मोहक वाटतो. वीण झाली की रंगांच्या ठिपक्यांत टाक्यांच्या कडा हरवतात.

एक युक्ती सांगते. एकाच जाडीचे, एकाच प्रकारचे दोन वेगळे फिकट रंग घ्या आणि दर दोन ओळींनी रंग बदला. कुठली ओळ कुठे संपली, नवीन टाका खालच्या टाक्याच्या कुठल्या भागात रुततो, हे चित्रासारखं समोर दिसतं. ही युक्ती मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं.

पाचवी पायरी: लेबल वाचा, मग किती घ्यायचं ते ठरवा

लेबलावर वजन आणि लांबी दोन्ही असतात. हिशेब लांबीवर करा, वजनावर नको. सुती धागा जड असतो, त्यामुळे त्याच जाडीच्या १०० ग्रॅम सुतात ॲक्रिलिकपेक्षा कमी मीटर येतात. नमुन्यात, म्हणजे वस्तू कशी विणायची ते लिहिलेल्या सूचनांत, ६०० मीटर लिहिलं असेल आणि तुमचा गुंडा २०० मीटरचा असेल तर तीन गुंडे लागतात, चौथा हाताशी ठेवायचा. पहिल्या चौकोनाला मात्र एवढं गणित नको. आकडा ४ चा १०० ग्रॅमचा एक गुंडा पुरून उरतो. सुती ५० ग्रॅममध्ये २० सेंटिमीटरचा घट्ट विणीचा चौकोन कसाबसा बसतो आणि शेवटच्या ओळीला धागा संपायची धास्ती राहते.

डाय लॉट नावाचा एक आकडा छापलेला असतो. एका वेळी एका पिंपात रंगवलेल्या धाग्याचा तो क्रमांक. रंगाचं नाव आणि क्रमांक तोच असूनही लॉट वेगळा असेल तर छटेत बारीक फरक पडतो. गुंडे शेजारी ठेवून कळत नाही, पण विणल्यावर मधोमध पट्टा उठून दिसतो. एकाहून जास्त गुंडे घेताना सगळ्यांचा लॉट जुळवा.

लेबलावर सुयांची चित्रंही असतात. आकडीसारखं टोक असलेलं चित्र क्रोशाचं, दोन सरळ काड्या दोन सुयांच्या विणकामाच्या. पुष्कळदा फक्त काड्यांचाच आकार दिलेला असतो. मग क्रोशासाठी त्याहून अर्धा ते एक मिलिमीटर जाड सुई धरा.

गुंडा कसा गुंडाळलेला आहे तेही बघा. गोल किंवा लांबट गुंडा तसाच वापरता येतो. पण पिळून गाठ मारलेली लडी असेल तर ती सोडून आधी गुंडा करावा लागतो. लडीतूनच विणायला सुरुवात केली की अर्ध्या तासात जो गुंता होतो तो सोडवायला अख्खी संध्याकाळ जाते. हे मी ऐकून सांगत नाही.

सहावी पायरी: सुई

फ्रेंच भाषेत क्रोशे म्हणजे छोटी आकडी. म्हणजे या कलेला नावच सुईवरून पडलं. तरीही लोक धाग्यावर तासभर घालवतात आणि सुई डोळे मिटून उचलतात.

आकार नेहमी मिलिमीटरमध्ये बघा. "८ नंबरची सुई" या शब्दांना काही अर्थ नाही, कारण नंबरांच्या पद्धती एकमेकींच्या उलट चालतात. अमेरिकी मापात एच-८ म्हणजे ५ मिलिमीटर. जुन्या ब्रिटिश मापात आकडा वाढला की सुई बारीक होते, आणि तिथे ८ म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकेच्याच बारीक पोलादी सुयांमध्ये ८ म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास. जपानी सुईवर ८/० असेल तर ती पुन्हा ५ मिलिमीटर. सुईच्या दांड्यावर मिलिमीटर कोरलेले नसतील तर ती सुई मी घेत नाही.

वारशात आलेल्या सुईचं माप काढायचं असेल तर कागदाची अरुंद पट्टी तिच्या गोल, सरळ भागाभोवती एकदा घट्ट गुंडाळा, जिथे कड जुळते तिथे खूण करा आणि पट्टी मोजा. जवळजवळ १२.५ मिलिमीटर आले तर सुई ४ ची, १५.७ च्या आसपास आले तर ५ ची.

आकडा ४ च्या धाग्याला ५ किंवा ५.५ मिलिमीटरची सुई घ्या. आकडा ३ ला ४ किंवा ४.५. ज्यांचा हात घट्ट आहे, म्हणजे लिहितानाही पेन दाबून धरण्याची सवय आहे, त्यांनी सरळ अर्धा मिलिमीटर जाड घ्यावी. सुई एकच घ्या. बारांचा संच नको. त्यातल्या नऊ सुयांना वर्षभर हात लागत नाही, आणि स्वस्त संचांत फिनिशिंग सगळीकडे सारखंच निकृष्ट असतं.

धातू की लाकूड? ॲल्युमिनियमवर धागा सहज सरकतो आणि हात लवकर चालतो. पहिल्या सुईसाठी माझं मत ॲल्युमिनियमलाच. बांबू आणि लाकूड हाताला उबदार असतात, धागा थोडा धरून ठेवतात. घसरणारा धागा असेल किंवा हात फार सैल असेल तर ते चांगले. प्लॅस्टिक हलकं असतं, पण बारीक मापात वाकतं, आणि ॲक्रिलिक त्यावर चिकटल्यासारखं अडतं. पोलादी सुया बारीक दोऱ्याच्या लेससाठी असतात, इथे त्यांचं काम नाही. मागे रबराची जाड मूठ असलेली सुई बोटांच्या सांध्यांना खरोखर आराम देते. सांधे आधीच दुखत असतील तर सुरुवातच तिने करा.

आता सुईचं डोकं जवळून बघा. टोकाखाली खाच असते, तिच्या मागे मान, मग गोल दांडा आणि पुढे अंगठ्यासाठी चपटी जागा. काही सुयांत डोकं आणि दांडा एका रेषेत, एकाच जाडीचे असतात, आणि खाच जणू आत कापून काढलेली असते. त्यांना इनलाइन म्हणतात, सुझन बेट्स या कंपनीच्या सुया अशा. काहींमध्ये मान निमुळती होत जाते आणि डोकं थोडं गोलसर असतं, बॉय कंपनीच्या सुया या घाटाच्या. दुसरीत सुई टाक्यात सहज शिरते. पण नवशिके धाग्याचा फास त्या बारीक मानेवरच ठेवतात, त्यामुळे टाका सुईच्या खऱ्या मापापेक्षा लहान आणि घट्ट येतो. माप दांड्याचं असतं, मानेचं नाही. म्हणून फास दांड्यापर्यंत सरकवायचा. इनलाइन सुई ही शिस्त आपोआप लावते, तर निमुळत्या सुईत हात पटापट चालतो. मला पहिल्या सहा महिन्यांसाठी इनलाइन बरी वाटते. अनुभवी विणकरांत यावरून चांगले वाद होतात.

घेण्याआधी डोक्यावरून आणि खाचेच्या आतून बोटाचं टोक फिरवा. साच्याची शिवण, खरखर, टोकदार कड लागली तर ठेवून द्या. नायलॉनचा पातळ मोजा असेल तर त्यावरून सुई फिरवा, धागा अडकला तर तुमच्या लोकरीचंही तेच होणार. माझ्या त्या प्लॅस्टिकच्या संचातल्या प्रत्येक सुईच्या डोक्यावर अशी शिवण होती. लाकडी सुईची किरकोळ खरखर अगदी बारीक पॉलिश पेपरने जाते.

डावखुऱ्यांना वेगळी सुई लागत नाही. आकडी दोन्ही हातांनी सारखीच चालते. कात्री मात्र डावखुऱ्यांसाठीची मिळाली तर उत्तम.

सातवी पायरी: किरकोळ सामान

छोटी, टोकदार, धारदार कात्री. घरातली कागद कापायची नको, ती धागा चावते आणि टोक पिंजून जातं.

शिवायची सुई: जाड, बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची. टोकं विणीत दडवायला ती लागते. बोथट अशासाठी की टोकदार सुई धाग्याच्या पदरांमधून आरपार जाते आणि पुढे उसवायची वेळ आली तर तिथे गाठ बसते. नेढ्यातून तुमचाच धागा जातो का ते घेतानाच बघा. काम संपवताना धाग्याचं टोक साधारण १५ सेंटिमीटर ठेवा, त्याहून आखूड टोक सुईत ओवून दडवताना जीव नकोसा होतो.

खुणेच्या पिना, म्हणजेच स्टिच मार्कर, यांना लोक चैन समजतात. मी त्यांना सुईखालोखाल महत्त्व देते. नवशिक्याचा चौकोन हळूहळू त्रिकोण का होतो? दर ओळीचा पहिला किंवा शेवटचा टाका नजरेतून सुटतो म्हणून. ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात खूण लावली की ही तक्रार तिथल्या तिथे मिटते. फक्त उघडमीट होणाऱ्या घ्या. दोन सुयांच्या विणकामातल्या बंद कड्या इथे कामाच्या नाहीत. तिथे सगळे टाके सुईवर उभे असतात आणि कडी मधून सरकत जाते. क्रोशात सुईवर एकच फास जिवंत असतो, बाकीचे टाके बंद झालेले असतात, त्यामुळे बंद कडी विणीतच अडकून बसते. मार्कर नसतील तर छोटी सेफ्टी पिन, कागदाची क्लिप किंवा दुसऱ्या रंगाच्या धाग्याचा तुकडाही चालतो. सेफ्टी पिनच्या वळणात धागा अडकतो, तेवढं जपा.

टेप: कापडी टेप वर्षानुवर्षं वापरून ताणलेला असतो. एकदा धातूच्या पट्टीशी ताडून बघा. ओळी मोजायला कागद-पेन्सिल पुरते.

नमुना हेही सामानच

इंग्रजी नमुना घेणार असाल तर तो अमेरिकी आहे की ब्रिटिश ते आधी ठरवा. आपला मुका खांब, म्हणजे क्रोशाचा साधा बुटका टाका, अमेरिकेत सिंगल क्रोशे आहे आणि ब्रिटनमध्ये डबल क्रोशे. त्याहून उंच असा आपला नेहमीचा खांब अमेरिकेत डबल, ब्रिटनमध्ये ट्रेबल. शब्द तोच, टाका वेगळा. ओळखायची सोपी खूण अशी, की नमुन्यात कुठेही "सिंगल क्रोशे" दिसलं की तो बहुतेक अमेरिकी, कारण आजच्या ब्रिटिश पद्धतीत या नावाचा टाकाच नाही. पहिल्या चौकोनाला साखळी आणि मुका खांब एवढंच येणारा नमुना पुरे.

काय घेऊ नका

धागा गुंडाळायचं यंत्र, वीण ओली करून आकारात बसवायचे म्हणजे ब्लॉकिंगचे बोर्ड, गुंडा ठेवायचा नक्षीदार वाडगा, ओळी मोजायचं बोटातलं घड्याळ, बाहुल्यांचे डोळे. शेवटच्याबद्दल एक ताकीद. सेफ्टी आय नाव असलं तरी तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला ते लावू नका, डोळा निघून घशात जाऊ शकतो. डोळे धाग्याने भरावेत. सगळं सामान एकत्र मिळणारे तयार संच घ्यायचे तर आतला धागा या लेखातल्या कसोट्यांवर पारखून घ्या. बहुतेक वेळा आत बाहुली असते, आणि धागा गडद किंवा फार सैल पिळाचा असतो.

घरी आल्यावर

धाग्याच्या टोकापासून हातभर मोकळा धागा सोडा आणि १७ साखळ्या घाला. सुईजवळची पहिली साखळी सोडून पुढच्या प्रत्येकीत एक मुका खांब घाला, १६ होतील. वळताना एक साखळी, पुन्हा १६. दहा-बारा ओळी झाल्या की तुकडा सपाट ठेवा, ओढू नका, आणि मधल्या भागात १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. आकडा ४ च्या धाग्याला साधारण ११ ते १४ येतात. आकडा ३ ला १२ ते १७.

मग तुकडा मुद्दाम पूर्ण उसवा. धागा कुरळा होईल, पण झिपऱ्या पडल्या नाहीत आणि कुठे अडला नाही तर खरेदी बरोबर झाली. त्याच धाग्याने पुन्हा विणायला लागा.

तुकडा पुठ्ठ्यासारखा ताठ आला आणि सुई घरात ढकलावी लागली तर सुई अर्धा मिलिमीटर जाड हवी. टाक्यांमधून बोट आरपार दिसत असेल तर अर्धा मिलिमीटर बारीक. दुसरी सुई कुठली घ्यायची हे आता कळलं, तेव्हा ती आता घ्या. आणि लेबल फेकू नका. धाग्याचा बोटभर तुकडा त्याला बांधा, कुठली सुई वापरली ते मागे लिहा आणि पाकिटात टाका. धागा मधेच संपला तर डाय लॉट त्यावरच बघायचा आहे.